पर्वरीचं (गोवा) फ्लाइट सिम्युलेटर सेंटर: बर्फातल्या लँडिंगचं सेशन, मुलांना फ्लाइंगला बाहेर पाठवताय तर आधी हे करा

चार स्टार देतेय. पाचवा का कापला ते खाली लिहिलंय, पण आधी महत्त्वाचं सांगते, ज्यांची मुलं कॅनडा नाहीतर अमेरिकेला पायलटच्या ट्रेनिंगला निघालीत त्यांनी या सेंटरवरचं बर्फातल्या लँडिंगचं सेशन जायच्या आधी करायलाच हवं. इथं बाकी बर्थडे पार्टीवाले येतात, टुरिस्ट येतात, दुबईला बोइंग उतरवतात, व्हिडिओ काढतात, ते त्याच्या जागी ठीक आहे आणि लहान मुलांना मजाही येते, पण मी लिहितेय ते आतल्या खोलीतल्या छोट्या विमानाबद्दल, म्हणजे सेस्ना १७२ च्या सेटअपबद्दल, आणि ते शिकवणाऱ्या सरांबद्दल.

आम्ही गेलो भाचीसाठी. मडगावची मुलगी, बारावीला फिजिक्स मॅथ्स, डीजीसीएचे (विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याचे) पेपर देऊन झाले आणि आता ऐन जानेवारीत कॅनडाला चाललीय फ्लाइंगचे तास करायला. आमच्याकडे डिसेंबरात पहाटे वीस डिग्री झालं की घरात शाली निघतात, तिथं ती उणे पंधरात विमानाच्या पंखावरचा बर्फ झाडणार. ताईला आणि भावजींना झोप नव्हती. त्यात ताईनं तो टोरांटोचा व्हिडिओ बघितलेला, १७ फेब्रुवारी २०२५ चा, सीआरजे-९०० हे प्रवासी विमान उतरताना उजवा पंख तुटून रनवेवर उलटं झालं तो, ८० जण होते आत आणि सगळेच्या सगळे वाचले, पण आईच्या डोक्यात 'वाचले' बसत नाही, 'उलटं झालं' तेवढंच बसतं. मी ताईला म्हटलं, तू नुसती घाबरून काय होणार, पोरीला नीट तयारी करून पाठवूया. मग शोधत शोधत हे सेंटर मिळालं.

सरांबद्दल आधी. नेव्हीतून रिटायर झालेले, नंतर परदेशात छोट्या विमानांवर शिकवायचे, आता इथं आठवड्यातले काही दिवस येतात. बोलणं एकदम शांत, कोकणी-मराठी मिसळून, भाचीला पहिल्या मिनिटापासून 'बाय' (पोरी) म्हणायला लागले आणि ताईनं टोरांटोचं विचारल्यावर हसले नाहीत की 'काही होत नाही हो' असं म्हणून उडवलं नाही. त्यांनी बसून सांगितलं की तिथल्या तपास यंत्रणेच्या सुरुवातीच्या अहवालात काय आलंय, की टेकताना विमान मिनिटाला हजार फुटांच्या वर वेगानं खाली येत होतं, उजव्या चाकाच्या पायाचा एक भाग तुटला, पंख सुटला आणि विमान गडगडलं. आणि मग म्हणाले, लोक वाचण्यात पट्ट्यांचा मोठा हात होता, उलटं लटकत होते पण बांधलेले होते, त्यामुळं बाय, तुझ्या विमानात खांद्यावरचा पट्टा सैल दिसला तर मी सेशन बंद करीन. ताई तिथंच निम्मी शांत झाली. असं खरं सांगणारं माणूस लागतं.

आता सेशन. सरांनी लावलं ओंटारिओकडचं एक छोटं एअरफील्ड, तीन हजार फुटांचा रनवे, उणे ८ तापमान, उजवीकडून १२ नॉटचा (ताशी साधारण २२ किलोमीटरचा) वारा, रनवेवर पातळ घट्ट बर्फ आणि दोन्ही कडांना मशीननं ढकलून ठेवलेल्या बर्फाचे बांध. भाचीनं विमानाचं मॅन्युअल पाठ केलेलं, त्यात १५ नॉटपर्यंतच्या आडव्या वाऱ्यात उतरून दाखवल्याचं लिहिलंय, म्हणून तिला वाटलं १२ म्हणजे आरामात बसतंय. सर काही बोलले नाहीत. मी मागच्या खुर्चीवर होते, मला सगळं दिसत होतं.

फायनलवर (रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ वाटेवर) वळल्यावर समोर नुसतं पांढरं. शेत कुठं संपतं आणि रनवे कुठं सुरू होतो तेच कळत नव्हतं, सावली नाही, झाड नाही, घर नाही. अशा वेळी डोळा फसतो, जमिनीवर धरायला काहीच नसलं की वाटतं आपण हवे त्यापेक्षा वर आहोत आणि माणूस नकळत विमान खाली घालतो. तसंच झालं. ती खाली आली, मग जाणवल्यावर एकदम पॉवर दिली, मग वेग वाढला, ६५ नॉट हवा होता तिथं ७५ झाला, आणि रनवेच्या तोंडावर आली ती त्या ७५ नंच. मग विमान टेकेना, तरंगत राहिलं, पुढं पुढं पुढं, अर्धा रनवे मागं गेल्यावर चाकं लागली. मग ब्रेक. ब्रेक लागले म्हणजे चाकं थांबली, विमान नाही थांबलं! कोरड्या रनवेवर टायर पकड घेतो म्हणून वारा विमानाला फिरवू शकत नाही, बर्फावर ती पकडच नाही, त्यामुळं शेपटीवर वारा लागला, नाक वाऱ्याकडं म्हणजे उजवीकडं वळलं आणि आख्खं विमान तसंच तिरकं डावीकडं घसरत गेलं. डावं चाक बर्फाच्या बांधात शिरलं आणि स्क्रीन थांबली.

खोलीत कुणी बोललं नाही. ताईनं माझा हात घट्ट धरलेला.

आणि इथूनच या सेंटरचे पैसे वसूल होतात असं माझं मत आहे, कारण बाकीच्या ठिकाणी (बेंगळुरूला ऑफिसच्या कामानं गेले होते तेव्हा एक बघितलंय, नाव घेत नाही) क्रॅश झाला की लगेच रीसेट मारतात, परत ट्राय करा मॅडम. इथं सरांनी रीसेट नाही केलं. फ्लाइटचं रेकॉर्डिंग आणि उंची-वेगाचा ग्राफ प्रिंट काढून टेबलावर ठेवला, भाचीच्या हातात पेन दिलं आणि म्हणाले, परत वर जायची संधी तुला कुठं कुठं होती तिथं खूण कर. फक्त खूण कर, कारणांचं नंतर बोलू.

तिनं आधी एकच खूण केली, चाकं टेकायच्या जरा आधी. सर म्हणाले अजून बघ. हळूहळू अजून निघाल्या. पाचशे फुटांवर वेग स्थिर नव्हता, ती एक. रनवेच्या तोंडावर ७५ होता, ती दुसरी. रनवेचा पहिला एक तृतीयांश भाग संपला तरी चाकं हवेत, ती तिसरी, आणि ही शेवटची, कारण एकदा बर्फावर टेकून ब्रेक दाबले की परत उडायचा विचार करणं हे घसरण्यापेक्षा वाईट, उरलेल्या रनवेत वेग मिळणार नाही आणि समोरच्या बांधावर जोरात आदळणार. प्रत्येक खुणेपाशी सरांनी तिच्याकडून काढून घेतलं की त्या क्षणी तिच्या मनात काय चाललं होतं, आणि तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की 'आता जमेल, आता जमेल' हेच चाललं होतं. मला तिचं फार कौतुक वाटलं, एकोणीस वर्षांची पोर, चार माणसांसमोर सरळ सांगते.

मग गणित. ते मला सुद्धा समजलं म्हणून लिहिते. थांबायला लागणारी लांबी वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे वेग १० टक्के जास्त तर लांबी २१ टक्के जास्त. ६५ च्या जागी ७५ म्हणजे एक तृतीयांश लांबी नुसत्या वेगानंच वाढली, अजून बर्फ धरलाच नाही. १७२ ला समुद्रसपाटीवर कोरड्या रनवेवर टेकल्यापासून थांबेपर्यंत साधारण ५७५ फूट लागतात असं मॅन्युअल म्हणतं, बर्फावर ते दुपटीच्या वर जाऊ शकतं. आणि तो १५ नॉटवाला आकडा, तो टेस्ट पायलटनं चांगल्या रनवेवर करून दाखवलेला आकडा आहे, घसरड्या रनवेवर तो तुला लागू नाही, असं सरांनी तिला वहीत लिहायला लावलं.

रनवेची अवस्था कशी वाचायची तेही याच बैठकीत झालं. नोव्हेंबर २०२१ पासून जगभर ० ते ६ असा कोड देतात, ६ म्हणजे कोरडा, ५ म्हणजे ओला, बर्फाचे प्रकार मधे, १ म्हणजे गोठलेला बर्फ आणि ० म्हणजे बर्फावर पाणी, तिथं उतरायचंच नाही. कॅनडात शिवाय त्यांचा स्वतःचा घर्षणाचा आकडा असतो, तो ० ते १ मधे. आमच्याकडं दाबोळी-मोपाला (गोव्याच्या दोन्ही विमानतळांवर) हा कोड पावसाळ्यात कामाला येतो, साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागला की तोही जवळजवळ बर्फासारखाच, त्यामुळं गोव्याच्या पोरांना हे काही परग्रहावरचं नाही असं सर म्हणाले. आणि डोळा फसण्याचं पण तसंच, रात्री समुद्रावरून रनवेकडं येताना खाली काळं पाणी आणि तिथं पांढरं बर्फ, फसवणूक एकच.

दुसऱ्या वेळी तोच वारा तोच बर्फ लावला. ती परत थोडी खाली आली, परत वेग वाढला, पण या वेळी रनवेच्या तोंडावर तिनं स्वतःहून 'गो-अराउंड' (न उतरता परत वर) म्हटलं, फुल थ्रॉटल, कार्ब हीटचा (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा) नॉब आत, फ्लॅप (पंखामागच्या पट्ट्या) २० वर, नाक सांभाळलं आणि वर गेली. त्यानंतर एक चक्कर मारून पुन्हा आली, पुन्हा नाही पटलं, आणि मग ती म्हणाली सर मी दुसरीकडं जाते. जवळच एक मोठा रनवे होता, साफ केलेला, वाऱ्याच्या सरळ दिशेनं. सरांनी तिथंच सेशन थांबवलं आणि म्हणाले आज हेच लँडिंग. उतरवलं सुद्धा नाही! भावजींना ते पटलं नाही, पैसे दिले तर उतरवून तरी बघू द्या असं त्यांचं म्हणणं, गाडीत बसेपर्यंत पुटपुटत होते. मला वाटतं सर बरोबर होते. उतरवणं तर तिथं शिकवतीलच, दुसरीकडं जायचं ठरवणं कुणी शिकवत नाही असं नाही, पण घरच्यांसमोर, पैसे भरलेले असताना, तरी नको म्हणणं, ही सवय वेगळी.

यावरून सरांनी सांगितलेला एक खरा अपघात लिहिते कारण तो माझ्या डोक्यातून जात नाहीये. २२ मार्च २००९, अमेरिकेत मॉन्टाना राज्यातलं ब्यूट नावाचं गाव. पिलाटस पीसी-१२, एका इंजिनाचं टर्बोप्रॉप, एक पायलट आणि १३ प्रवासी, त्यातली सात लहान मुलं, स्कीइंगच्या सुट्टीला निघालेली कुटुंबं. जायचं होतं बोझमनला. इंधनात गोठणविरोधी द्रव मिसळायचा असतो तो मिसळलेला नव्हता, इंधनातल्या पाण्याचा बर्फ झाला आणि त्यानं इंधनाची वाट अडवली, एका पंखातलं इंधन वापरलं जाईना, त्यामुळं एक पंख जड आणि एक हलका होत गेला. विमानात त्याची सूचना दिसत होती आणि वाटेत उतरण्यासारखे एअरपोर्ट होते, पण बराच वेळ तसंच पुढं गेले, शेवटी ब्यूटकडं वळले तोपर्यंत असमतोल इतका झाला होता की रनवेजवळच ताबा सुटला आणि बाजूच्या दफनभूमीत कोसळलं. चौदाही जण गेले. सर हे सांगताना ग्राफ नाही काढत, आकडे नाही फेकत, फक्त म्हणाले की बाय, सूचना दिसल्यापासून वाटेतल्या प्रत्येक एअरपोर्टपाशी एक खूण कर. तिनं नकाशावर केल्या. मी तेव्हा बाहेर जाऊन पाणी पिऊन आले.

कार्ब आयसिंगचं सेशन वेगळं घ्यावं लागतं आणि ते नक्की घ्या, कारण त्यात आपल्या हवेचाच संबंध आहे. जुन्या सेस्नाला कार्ब्युरेटर असतो, त्यात हवा आवळून जाते आणि पेट्रोलची वाफ होते, त्यामुळं आतलं तापमान एकदम तीसेक डिग्रीनं खाली जाऊ शकतं. म्हणजे बाहेर छान उबदार असलं तरी आत बर्फ! दमट हवा असली की झालं, ८० टक्क्यांच्या वर दमटपणा आणि २१ डिग्रीच्या खालचं तापमान हे सगळ्यात धोक्याचं, पण त्याहून गरम हवेतसुद्धा होतं. आमच्या गोव्यातल्या पहाटेच्या हवेचंच वर्णन झालं हे. सिम्युलेटरमध्ये सरांनी काही न सांगता लावून दिलं, कमी पॉवरवर लांब उतरत येताना आरपीएम हळूहळू उतरायला लागला, इतका हळू की लक्षातच येत नाही, आणि भाची तो भरून काढायला थ्रॉटल थोडं थोडं पुढं देत राहिली. मग इंजिन खडखडलं. कार्ब हीटचा नॉब ओढला की आधी इंजिन अजून खराब चालतं, कारण वितळलेलं पाणी आत जातं, आणि इथंच नवीन पायलट घाबरून नॉब परत आत ढकलतात. तसंच ओढून धरून बसायचं असतं. ते खडखडणं स्पीकरवर इतकं खरं येतं की ताई खुर्चीतून उठली.

नवीन १७२ ना फ्युएल इंजेक्शन असतं, त्यांना हा त्रास नाही. पण फ्लाइंग स्कूलमध्ये जुनी विमानं भरपूर असतात, तेव्हा कुठलं मिळेल ते आधी विचारून घ्या.

उंचीच्या मीटरचं पण सांगितलं, ते पटकन लिहिते. थंड हवा आकसते त्यामुळं मीटर दाखवतो त्यापेक्षा विमान खरं तर खाली असतं. एअरपोर्टवर उणे ३० असेल तर हजार फुटाला १९० फुटांचा फरक धरायला लागतो. डोंगराळ भागात ढगातून उतरताना १९० फूट म्हणजे काय ते सांगायला नको. आणि पंखावरचं गोठलेलं दहिवर, आपण म्हणतो किती पातळ आहे, सँडपेपरइतका खरखरीत थर असला तरी पंखाची उचल ३० टक्क्यांनी कमी होऊ शकते. १७२ ला बर्फ जमणाऱ्या ढगात जायची परवानगीच नाही, पंख तापवायची की रबर फुगवायची कसलीच सोय त्यात नसते. हे तिला माहीत होतं, पण का ते आता कळलं असं ती म्हणाली.

अजून एक, हीटर. छोट्या पिस्टन विमानात केबिनची गरम हवा एक्झॉस्टवरून येते, नळीला तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड आत, वास नाही रंग नाही. आमच्याकडं फुटबॉलवाल्या घरात एमिलियानो साला या फुटबॉलपटूचं नाव सांगावं लागत नाही, जानेवारी २०१९, नाँतहून कार्डिफला जाताना त्याचं छोटं विमान, पायपर मालिबू, समुद्रात पडलं, आणि तपासात त्याच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण ५८ टक्के निघालं. भावजींना (पक्के फुटबॉलवाले) ही बातमी माहीत होती, हा भाग माहीत नव्हता. त्या दिवशी घरी येताच त्यांनी भाचीसाठी खिशातला सीओ डिटेक्टर ऑर्डर केला, ती बॅगेत टाकणार आहे.

आता तक्रारी, एक स्टार त्यांचा.

पहिली म्हणजे रडरची पेडलं. डावं पेडल सैल आहे, मधेच काही होत नाही आणि मग एकदम लागतं. आडव्या वाऱ्यातल्या लँडिंगचं सेशन विकताय तर रडर हेच तर मुख्य, ते आधी दुरुस्त करायला हवं. काउंटरवरच्या मुलाला सांगितलं, तो म्हणाला पार्ट मागवलाय, नंतर गेलो तरी तसंच.

दुसरी, ब्रेकचा भास. टायर घसरतोय हे स्क्रीनवर दिसतं पण पायाला काही कळत नाही, सीट हलत नाही, हे फिक्स्ड सेटअप आहे. सर स्वतःच सांगतात की खऱ्या विमानात पाठीला आधी कळतं आणि डोळ्याला नंतर. शिवाय बर्फाच्या बांधात चाक शिरल्यावर खरं विमान गरकन फिरतं, पंख टेकतो, प्रॉपेलर जमिनीला लागतो, कधी पालथं होतं, इथं नुसती स्क्रीन थांबते. मुलांना वाटू शकतं की एवढंच असतं. सर असले की ते बोलून भरून काढतात, पण सर नसताना दुसरा मुलगा घेतो सेशन, तो चांगला आहे, गेमिंगमधला हुशार आहे, पण त्याला बर्फ म्हणजे सेटिंगमधलं एक बटण आहे. सर असतील तेव्हाच जा. हे मी ठासून सांगतेय.

तिसरी, वेळ. एकदा आमचं बुकिंग होतं तेव्हा मागून बर्थडेचा ग्रुप आला, पंधरा-वीस मुलं, केक, फुगे, आणि डीब्रीफिंगचं (नंतरच्या बैठकीचं) टेबल त्यांनाच हवं होतं. आम्हाला बाहेर सोफ्यावर बसून ग्राफ बघावा लागला. ज्या गोष्टीसाठी माणूस पैसे देतो तीच अशी घाईत उरकायची नाही. सेंटरवाल्यांनी वीकेंडला ट्रेनिंगची खोली वेगळी ठेवावी, एवढी जागा आहे त्यांच्याकडं. एसी पण त्या आतल्या खोलीत कमी पडतो, मे महिन्यात घाम पुसत उणे ८ मध्ये उतरायचं हे फार विचित्र वाटतं.

आणि एक गोष्ट त्यांनी काउंटरवर मोठ्या अक्षरात लावायला हवी, की इथले तास लॉगबुकात धरत नाहीत. हे डीजीसीएनं मान्य केलेलं ट्रेनिंग डिव्हाइस नाही, सीपीएलला (कमर्शियल पायलटच्या लायसन्सला) २०० तासांचं फ्लाइंग लागतं त्यात यातला एक मिनिटही जात नाही. आम्हाला सरांनी फोनवरच सांगितलं होतं, पण आमच्यासमोर एक वडील डिचोलीहून मुलाला घेऊन आले होते आणि त्यांना वाटत होतं की तास मिळतील. त्यांचा चेहरा बघवला नाही.

पैसे: तासाला चार हजार, बर्फाच्या सेशनला ब्रीफिंग आणि नंतरची बैठक धरून अडीच तास जातात पण घेतात एका तासाचेच. मला महाग वाटलं नाही. बाहेर ट्रेनिंगला लाखांनी पैसे चाललेत, त्यात हे काहीच नाही, आणि तिथं पोचल्यावर एकेक तास विमानाचं भाडं चालू असताना या गोष्टी पहिल्यांदा ऐकण्यापेक्षा इथं आरामात ऐकलेल्या बऱ्या. ज्यांना मुलाला नुसतं विमान दाखवायचंय त्यांनी एवढे खर्चू नयेत, बोगमाळ्याचं नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे, तिथं सी हॅरिअर, आलिझे, ते मोठं सुपर कॉन्स्टेलेशन सगळं उभं आहे, मुलं खूश होतात.

आईवडिलांना आत बसू देतात, हे मला सगळ्यात आवडलं. ताई आता भाचीला विचारते ते 'जेवलीस का' आणि नंतर 'रनवेचा कोड काय होता', कारण भाची सध्या घरी बसून रोज तिथल्या एअरफील्डचं हवामान बघते आणि ताईला वाचून दाखवते, ती मामाकडं म्हापशाला राहायला गेली तरी संध्याकाळी फोनवर ते चालूच असतं. भीती गेली असं ताई म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण आता तिला कशाची भीती वाटते ते सांगता येतं आणि मुलीला त्याबद्दल विचारता येतं.

बुकिंग व्हॉट्सअ‍ॅपवर होतं, उत्तर द्यायला कधी कधी दुसरा दिवस लावतात, तेव्हा फोनच करा. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळचा पहिला स्लॉट मागा, पार्ट्या नसतात आणि सरांना घाई नसते. पार्किंग मागच्या गल्लीत, हायवेवर लावू नका, उचलून नेतात. वही आणि पेनड्राइव्ह घेऊन जा, रेकॉर्डिंग मागितलं तरच देतात, स्वतःहून नाही.